स्वस्त एसएमपीएस, महागडा हिशेब

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात कॉम्प्युटर नसलेले दुकान किंवा कारखाना आज शोधूनच काढावा लागेल. कॅम्प नंबर ५ मधील जीन्सवाल्यांकडे तो टॅलीसाठी आहे, भरतकामाची मशीन चालवणाऱ्यांकडे डिझाईन पंचिंगसाठी आहे, अंबरनाथ एमआयडीसीतील लेथवाल्याकडे ड्रॉइंगसाठी आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून लाल वहीवर भागवणाऱ्या बांधवांनाही तो घ्यावाच लागला. यातले बरेचसे कॉम्प्युटर कंपनीचे तयार नसतात, असेंबल केलेले असतात. सुटे भाग बाजारातून आणायचे आणि घरातल्या किंवा ओळखीच्या मुलाकडून जोडून घ्यायचे, अशी आपली पद्धत. तीत गैर काही नाही. पैसे वाचतात, आणि भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

मात्र हे भाग घेताना आपण प्रोसेसर कोणता ते विचारतो, रॅम किती जीबी ते विचारतो, स्क्रीन तर इंचाने मोजून घेतो. पण या सगळ्यांना ज्या डब्यातून वीज मिळते, त्या डब्याची चौकशी कोणी करीत नाही. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. मीही कधी चौकशी केली नव्हती. त्याची किंमत मला २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात मोजावी लागली.

त्या दिवशी जुमा होता. आमच्याकडे देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे काम बहुधा शुक्रवारीच निघते. सकाळी लाईट गेली, तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. मेन स्विच बंद करण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. नमाज अदा करून दुकानात परतलो, पंधरा-वीस मिनिटांत लाईट आली, लगेच गेली, पुन्हा आली. टेबलाखालून फटाक्यासारखा आवाज झाला आणि जळक्या वायरचा वास सुटला. एसएमपीएस गेला होता. तो एकटा गेला असता तर प्रश्न नव्हता. जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. हार्ड डिस्कमध्ये माझा हिशेब होता, आणि पेन ड्राईव्हवरची नक्कल जून महिन्याची. जीएसटीच्या रिटर्नची तारीख तोंडावर. माझा मुलगा आणि मी रात्री इशानंतर बसून बिलबुके पुढ्यात घेऊन तीन महिन्यांच्या नोंदी पुन्हा चढवल्या. कोणाला किती मीटर अस्तर उधार दिले, यावरून दोन जुन्या गिऱ्हाइकांशी बोलाचाली झाली ती वेगळीच.

बिल शोधून काढले. त्यावर एक ओळ होती : ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस, १८०० रुपये.’ ना कंपनीचे नाव, ना मॉडेल. म्हणजे तो डबा मी विकत घेतलाच नव्हता. पत्र्याच्या पेटीबरोबर तो फुकट आल्यासारखा आला होता. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, लाईटमुळे गेले, त्याला आम्ही काय करणार? त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे मला बदलापूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने समजावून सांगितले. तो हेच काम करतो.

आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची एसी वीज असते. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना लागते डीसी वीज, आणि तीही अगदी थोड्या व्होल्टची : १२, ५ आणि ३.३. हे रूपांतर एसएमपीएस करतो. त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात. एक, भिंतीतली वीज वरखाली झाली तरी आतली वीज पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलू नये; म्हणजे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यानच राहावी. दुसरी, स्वतःवर संकट आले तर त्याने एकट्याने बंद पडावे, पुढे काही जाऊ देऊ नये. चांगल्या एसएमपीएसमध्ये जादा व्होल्टेज, जादा करंट, शॉर्ट सर्किट आणि जादा उष्णता यांपासून संरक्षणाची व्यवस्था असते. स्वस्त मालात पैसे वाचवायला याच गोष्टींना पहिली कात्री लागते, कारण त्या बाहेरून दिसत नाहीत. आत येणाऱ्या विजेच्या तोंडाशी झटका शोषून घेणारा एक छोटा भाग आणि काही फिल्टर असतात. भाच्याने माझा जळालेला डबा उघडून दाखवला, तर सर्किट बोर्डवर त्या भागांची नावे छापलेली होती आणि जागा रिकाम्या होत्या. काहींच्या जागी नुसता तारेचा तुकडा टाकलेला होता.

(येथे एक इशारा : असा डबा हौसेने उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ साठून राहतात. माणूस दगावू शकतो.)

आता आपल्या भागातच हे जास्त का घडते? विजेच्या नावाने ओरडून भागणार नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघा-कळवा बाजूच्या उच्चदाब वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई आणि ठाण्याकडचा मोठा भाग अंधारात गेला, तसे प्रसंग क्वचितच येतात. रोजचा त्रास वेगळा आहे. उल्हासनगरची वस्ती लष्करी छावणीच्या बराकींतून वाढली. १९४७ नंतर सिंधी निर्वासित बांधव येथे आले आणि घरातच कारखाना, कारखान्यातच दुकान अशी रचना झाली. एकाच गल्लीत, एकाच लाइनवर कोणाच्या शिलाई मशीनच्या मोटारी, कोणाचा प्रेसचा बॉयलर, कोणाचे वेल्डिंग चालू असते. मोटार सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली बसते आणि बंद होताना झटका येतो. लाईट गेल्यानंतर परत येते तेव्हा या सगळ्या मोटारी एकदम उठतात. माझ्या कॉम्प्युटरचा घात त्याच घटकेला झाला. पावसाळ्यात झाडाची फांदी पडून खांबावरची न्यूट्रल वायर तुटली तर २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्टही घरात येऊ शकतात. तेव्हा कोणताही एसएमपीएस टिकेलच असे नाही. पण चांगला असेल तर बहुधा स्वतः मरतो आणि हार्ड डिस्क वाचवतो.

शिवाय जीन्सच्या कारखान्यातला कापसाचा भुसा एसएमपीएसच्या पंख्यात जाऊन बसतो आणि आतून गोधडी पांघरल्यासारखा थर जमतो. हवा खेळत नाही, डबा तापतो, कपॅसिटर फुगतात. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, बाहेरून ब्लोअर मारून घेतला तरी आयुष्य वाढते. अंबरनाथला केमिकल कारखान्यांच्या शेजारी ज्यांचे गाळे आहेत, त्यांच्याकडे हवेतील वाफेने पिना काळ्या पडतात. बदलापूरकरांचा प्रश्न पाण्याचा. २६ जुलै २००५ चा पूर सर्वांना आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली होती. तळमजल्यावर दुकान असेल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. आणि भिजलेला एसएमपीएस उन्हात वाळवून पुन्हा लावण्याची काटकसर करू नये.

मुख्य मुद्दा लेबलचा आहे, आणि तो कापडवाल्याला लगेच समजेल. ताग्यावर छापलेले असते २० मीटर. अनुभवी व्यापारी छापलेल्यावर जात नाही, गजाला लावून मोजतो. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट असे लिहिलेले असते. तो आकडा सर्वात शेवटी वाचावा. आधी बाजूला असलेला बारीक अक्षरांचा तक्ता पाहावा. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर दिले आहेत ते बघून १२ ने गुणावे. माझ्या जळालेल्या ‘४५०’ च्या डब्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअर होते. बारा सोळे १९२. म्हणजे ४५० चा तागा मोजला तर १९२ भरला. त्यानंतर घेतलेल्या डब्यावरही ४५० च लिहिले आहे, पण १२ व्होल्टला ३६ अँपिअर आहेत. ४३२ वॉट झाले. हा माप देणारा माल.

यावर कोणी म्हणेल की बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर असतील. असतात, कागदावर तरी असतात, पण आज त्यांचा उपयोग थोडा. इंटेलने १९९५ साली एटीएक्स ही रचना आणली, तेव्हा प्रोसेसर खालच्या व्होल्टवर चालत. २००० साली पेंटियम ४ च्या वेळी १२ व्होल्टची वेगळी चार तारांची जोडणी आली आणि तेव्हापासून प्रोसेसर, ग्राफिक कार्ड अशी सगळी जड कामे १२ व्होल्टवरच आहेत. स्वस्त डबे अजून जुन्या रचनेवर बनतात. तक्त्यात १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर दोन्हींची बेरीज करून खूष होऊ नये. खाली दोन्हींचे मिळून वॉट दिलेले असतात, तो आकडा धरावा. तक्ताच नसेल, नुसतेच ४५० छापलेले असेल, तर डबा परत ठेवावा.

बरे, आपल्याला वॉट लागतात तरी किती? हिशेब, बिले आणि पंचिंग एवढेच काम असेल तर सबंध कॉम्प्युटर बहुधा शंभर-सव्वाशे वॉटच्या आत चालतो. त्याला खरा ४५० चा डबा भरपूर झाला. ज्यांच्या मुलांना व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी ग्राफिक कार्ड लागते, त्यांनी कार्डाच्या कंपनीने किती वॉटचा एसएमपीएस सांगितला आहे ते पाहून घ्यावा. ८५० चा आकडा पाहून भुलण्याचे कारण नाही. तीन हजारांचा खरा ४५० हा हजाराच्या खोट्या ८५० पेक्षा केव्हाही बरा.

तारांवरही नजर टाकावी. चांगल्या तारेवर बारीक अक्षरात १८ एडब्ल्यूजी असे छापलेले असते. २० किंवा २२ असेल तर तार जास्त जाड असेल, असा माझा समज होता. भाचा हसला. म्हणाला, ‘‘मामू, तुमच्या सुतासारखंच आहे हे. चाळीसचा काउंट वीसपेक्षा बारीक असतो ना?’’ आकडा मोठा, तितकी तार बारीक, आणि बारीक तार जास्त तापते. आयुष्यभर सूत पाहिलेल्या माणसाला हे पोराने शिकवावे!

वजनही हातात घेऊन पाहावे. चांगल्या डब्यात उष्णता खेचणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मोठी कॉइल असते, त्यामुळे तो हाताला जाणवतो. हलका डबा रिकाम्या जागांची कबुली देतो. जड म्हणजे चांगलाच असे मात्र नाही. आणि दुकानदार हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरवून दाखवतो, ती परीक्षा मुळीच धरू नये. पंखा फिरायला वीज लागते ती किती? बिनमालाचा टेम्पो चढावर चालवून दाखवल्यासारखेच ते आहे.

८० प्लस हा शिक्का २००४ पासून चालू आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के कामी आली पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ. निम्म्या लोडवर ब्राँझला ८५ आणि गोल्डला ९० टक्के लागतात. बिलात फरक पडतो, पण सांगतात तेवढा नाही. समजा, शंभर वॉटचे काम आहे. ७० टक्केवाला डबा भिंतीतून सुमारे १४३ वॉट ओढेल, ८५ टक्केवाला ११८. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर ७५ युनिट वाचतात. यासाठी गोल्ड घेण्याची आपल्याला गरज नाही. ब्राँझ घ्यावा, तोही एवढ्यासाठी की जो कारखाना ही परीक्षा देतो तो आतल्या मालात सहसा अगदीच हात आखडत नाही. मॉडेलचे नाव ८० प्लसच्या यादीत आहे की नाही, ते मोबाईलवर पाहता येते. शिक्का कोणीही छापू शकतो, आणि छापण्याच्या कामात आमचे उल्हासनगर फार जुने वाकबगार आहे!

आणखी एक खूण बीआयएसची. डब्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक असेल, तर तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून पाहावा. कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे ते समोर येते. नाव दुसरेच निघाले, तर दुकानदाराला तिथेच विचारावे.

इनपुटच्या रकान्यात २०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे की १०० ते २४०, हेही पाहावे. ज्यांच्याकडे मोटारींमुळे व्होल्टेज वारंवार खाली बसते त्यांनी १०० ते २४० चाच घ्यावा. जुन्या पद्धतीच्या काही डब्यांना मागे लाल रंगाचा ११५/२३० चा खटका असतो. लहान मुलाने तो ११५ वर सरकवला तर पुढच्या वेळी स्विच दाबताच डबा फुटतो. त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.

यूपीएसविषयी लोकांची एक नेहमीची तक्रार असते : यूपीएस आहे, तरी लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोष बहुतेक वेळा यूपीएसला दिला जातो. वास्तविक यूपीएसला बॅटरीवर यायला चार ते दहा मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने पोटातल्या साठ्यावर गाडी ओढायची असते. एटीएक्सच्या नियमांनुसार चांगला डबा सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. स्वस्त डब्यात कपॅसिटर लहान टाकलेला असतो, त्याचा दम आधीच संपतो. म्हणून नवा यूपीएस आणण्याआधी एसएमपीएस बदलून पाहावा. उलट बाजूही आहे : चांगल्या एसएमपीएसला घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर कित्येकदा मानवत नाही. बदलापूरच्या अनेक घरांत पंखे-दिव्यांसाठी असेच इन्व्हर्टर लावलेले आहेत. त्यावर कॉम्प्युटर चालवायचा असेल तर प्युअर साईन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार मी जुन्या इमारतींतून कितीतरी जणांकडून ऐकली आहे. अर्थिंग नसले की एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारी थोडी वीज पत्र्यावर येते. मल्टिमीटर लावला तर शंभराच्या वर व्होल्ट दिसतात. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालणारे बहाद्दर आपल्यात पुष्कळ आहेत. परवानाधारक वायरमनकडून फेज आणि अर्थच्या मध्ये मोजून घ्यावे. २३० च्या आसपास दाखवले पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असू नये. हे नीट नसेल तर दहा हजारांचा एसएमपीएसही निरुपयोगी.

खरेदीसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडलाच गेले पाहिजे, असे आता राहिलेले नाही. कोर्सेअर, कूलर मास्टर, अँटेक, डीपकूल वगैरे कंपन्यांचा माल इकडेही मिळतो. पण नुसत्या नावावर जाऊ नये. एकाच कंपनीची साधी मालिका आणि चांगली मालिका यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो वॉरंटीच्या वर्षांत दिसतो. साध्या मालाला दोन-तीन वर्षे, चांगल्याला पाच, काहींना सात आणि दहासुद्धा. कंपनीला आपल्या मालाचा किती भरवसा आहे, हे त्या आकड्यात आले.

असेंबलचे काम करणाऱ्या आपल्या मुलांशीही थोडे बोलायचे आहे. त्यांची अडचण मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक वीस हजारांत सगळे मागते, आणि कुठेतरी कापावे लागते तर न दिसणारी वस्तू कापली जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, तो प्रसंग आपल्याला लहानपणापासून सांगितला जातो. तेथे प्रश्न ओले धान्य विकण्याचा नव्हता. ते खाली दडवण्याचा होता. स्वस्त एसएमपीएस विकणे गुन्हा नाही. ज्याचे काम दिवसातून अर्ध्या तासाचे आहे, त्याला तो चालेलही. परंतु हा साधा आहे, बारा व्होल्टला इतकेच अँपिअर देतो, हिशेबाची नक्कल रोज काढून ठेवा, एवढे तोंडाने सांगून टाकावे. माझ्या भाच्याने त्यानंतर ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ ही ओळ बिलावर लिहिणे बंद केले. कॅबिनेट वेगळे, एसएमपीएस वेगळा, त्याचे मॉडेल, सिरियल नंबर आणि १२ व्होल्टचे अँपिअर तो लिहून देतो. सुरुवातीला दोन गिऱ्हाइके महाग म्हणून परत गेली. त्यातला एक आठ महिन्यांनी जळालेला डबा पिशवीत घालून आला.

माझ्या नव्या एसएमपीएसला तीन हजारांच्या आसपास पडले. नुकसान त्याच्या चौपट झाले होते, रात्री जागल्या त्या वेगळ्या. आता शुक्रवारी लाईट गेली की प्लग काढतो, आणि परत आल्यावर दहा मिनिटे लावत नाही. हिशेबाची नक्कल रोज दुकान बंद करताना पेन ड्राईव्हवर घेतो आणि पेन ड्राईव्ह घरी नेतो.

बिलाचे एक सांगायचे राहिले. हल्ली बरीच बिले थर्मल कागदावर निघतात. त्यावरची अक्षरे वर्ष-दीड वर्षात उडतात, आणि वॉरंटी असते पाच वर्षांची. ज्या दिवशी डबा घ्याल त्याच दिवशी बिलाची झेरॉक्स काढून कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर चिकटवून ठेवावी.